तुझा तांबडा आणि माझा तांबडा

मांडव्याच्या धक्क्यावर मुंबईस जाणाऱ्या बोटीची वाट पाहत बसलेल्या दोन बहिणींचा एक लहानसा वाद प्रस्तुत लेखकाच्या कानी पडला. धाकटीच्या अंगावर मोरपंखी साडी होती. थोरली म्हणाली, "ही निळी साडी तुला शोभते." धाकटी म्हणाली, "निळी कुठली? हिरवी आहे ही!" दोघींनी साडीचा पदर उन्हात धरून पाहिला, सावलीत धरून पाहिला, पण एकीचा निळा व दुसरीचा हिरवा काही केल्या जुळेना. शेवटी शेजारी टोपली घेऊन बसलेली एक वृद्ध कोळीण हसून म्हणाली, "बायांनो, साडी एकच हाय, डोळं दोघींचं हाईत." इतक्यात बोट लागली व वाद तेथेच राहिला.

वाद राहिला, परंतु त्या म्हातारीचे वाक्य मनातून जाईना. साडी एक व डोळे दोघींचे ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. पण तिच्यात एक असा प्रश्न लपलेला आहे की ज्याचे पूर्ण उत्तर आजपर्यंत कोणत्याही विद्वानास देता आलेले नाही. तो प्रश्न असा: जो रंग मला तांबडा दिसतो, तोच माझ्या शेजाऱ्यासही तसाच तांबडा दिसतो काय? की त्याच्या मनात काही निराळेच चित्र उमटते आणि केवळ नाव तेवढे आम्हा दोघांचे एक आहे? कोणी म्हणेल, हा रिकाम्या लोकांचा प्रश्न आहे. शेतकऱ्याला किंवा कोळ्याला त्याच्याशी काय कर्तव्य? वाचकांनी थोडा धीर धरावा. ह्या प्रश्नाच्या पोटी आपल्या रोजच्या वागणुकीचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम रंगांची नावे आपण कशी शिकतो ते पाहू. आई मुलाला सुकी मिरची दाखवून म्हणते, "ही लाल." आंब्याचे पान दाखवून म्हणते, "हे हिरवे." हळद दाखवून म्हणते, "ही पिवळी." मूल पाहते व तो शब्द त्या वस्तूशी बांधून ठेवते. त्याच्या डोळ्यांपुढे नेमके काय उमटले हे आईला दिसत नाही, व आईच्या डोळ्यांपुढे काय उमटले हे मुलाला दिसत नाही. वस्तू मात्र दोघांपुढे तीच आहे. म्हणून नावे जुळतात. आपल्या मराठी भाषेत तर बहुतेक नाजूक रंगांची नावे वस्तूंवरूनच पडली आहेत: डाळिंबी, आमसुली, अबोली, केशरी, मोतिया, पोपटी, मोरपंखी. शब्दाने वस्तूकडे बोट दाखविले. मनातल्या अनुभवाकडे बोट दाखविणे कोणासही साधलेले नाही. ह्यावरून एक गोष्ट उघड होते. नाव जुळले म्हणजे अनुभवही जुळला, असे सिद्ध होत नाही.

हीच गोष्ट जॉन लॉक नावाच्या इंग्रज तत्त्ववेत्त्याने आपल्या मानवी बुद्धीविषयीच्या ग्रंथात मांडली. हा ग्रंथ १६९० साली प्रसिद्ध झाला. त्याने अशी कल्पना केली की, एका मनुष्याला जांभळे फूल पाहून जो भास होतो, तोच भास दुसऱ्याला झेंडूसारखे पिवळे फूल पाहून होत असेल तर काय होईल? काहीच होणार नाही, असे त्याचे उत्तर होते. दोघेही जांभळ्या फुलाला जांभळेच म्हणतील, पिवळ्याला पिवळेच म्हणतील, बाजारात कोणाची फसगत होणार नाही आणि कोणी कोणाला खोटे ठरविणार नाही. कारण एकाचे मन दुसऱ्याच्या देहात शिरून पाहू शकत नाही. लॉकचे स्वतःचे मत असे होते की, बहुधा माणसांचे भास सारखेच असावेत. आणि नसले तरी त्या शंकेचा फारसा उपयोग नाही.

लॉकच्या पहिल्या म्हणण्याशी आम्ही सहमत आहो, दुसऱ्याशी नाही. जोपर्यंत फरकाची खूण बाहेर दिसत नाही, तोपर्यंत शंका निरुपयोगी खरी. परंतु पुढे असे कळून आले की, पुष्कळ माणसांच्या पाहण्यात खरोखरच फरक आहे आणि त्याची खूण बाहेरही दिसते. मात्र तिच्याकडे लक्ष देणारा पाहिजे.

हे लक्ष प्रथम नीट दिले ते जॉन डाल्टन ह्याने. हा मोठा रसायनशास्त्रज्ञ. अणूंविषयीच्या सिद्धांतामुळे त्याचे नाव आजही शाळेत शिकविले जाते. एक गुलाबी फूल त्याला दिवसाच्या उजेडात आकाशी दिसे व मेणबत्तीच्या उजेडात त्याचा रंग पार बदललेला दिसे. इतरांस असा बदल दिसेना. फक्त त्याच्या भावाला मात्र त्याच्यासारखेच दिसे. ह्यावरून डाल्टनने ओळखले की, दोष फुलाचा नसून आपल्या डोळ्यांचा आहे. आणि १७९४ साली मँचेस्टर येथील विद्वानांच्या सभेपुढे त्याने आपली हकिकत निःसंकोचपणे वाचून दाखविली. आपल्या डोळ्यांतील पाणी निळे असावे असा त्याचा तर्क होता, व मरणोत्तर ते तपासावे अशी त्याने इच्छा दर्शविली. १८४४ साली तो वारल्यावर डोळे तपासले, तो पाणी स्वच्छ निघाले. तर्क चुकला होता. पण डोळ्यांचा अवशेष जपून ठेवलेला होता. दीडशे वर्षांनी, १९९५ साली, त्यातील आनुवंशिक द्रव्याची परीक्षा झाली, तेव्हा हिरव्या प्रकाशाला विशेष प्रतिसाद देणारे द्रव्य त्याच्या डोळ्यांत मुळीच नव्हते असे सिद्ध झाले. डाल्टनचे कारण चुकले, पण साक्ष खरी होती. हा भेद वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडेल.

आता शास्त्र काय सांगते ते थोडक्यात सांगतो. डोळ्याच्या मागील पडद्यावर शंकूच्या आकाराच्या अतिसूक्ष्म पेशी असतात. त्यांच्या तीन जाती आहेत व प्रत्येक जात प्रकाशाच्या निरनिराळ्या पट्ट्याला अधिक प्रतिसाद देते. ह्या तिन्हींच्या निरोपांची तुलना करून मेंदू रंग ठरवितो. ज्याच्या डोळ्यांत एक जात नसते किंवा सदोष असते, त्याला काही रंगांची जोडी वेगळी करता येत नाही. बहुधा तांबडा व हिरवा. हा वारसा आईकडून मुलाकडे येतो व पुरुषांतच फार आढळतो. युरोपीय वंशाच्या लोकांत शंभर पुरुषांमागे सुमारे आठ, तर दोनशे स्त्रियांमागे सुमारे एक, असे त्याचे प्रमाण आहे. एवढेच नव्हे, तर ज्यांची दृष्टी सर्वथा निर्दोष मानली जाते, त्यांच्यातही तांबड्या व हिरव्या प्रकाशाच्या पेशींचे परस्पर प्रमाण माणसागणिक पुष्कळ बदलते. तरी शुद्ध पिवळा कोणता ह्याविषयी त्यांचे बहुतेक एकमत होते. उलट शुद्ध हिरवा कोणता, हे विचारले तर उत्तरांत बराच फरक पडतो. धक्क्यावरील त्या बहिणींपैकी कोणीच हट्टी नव्हती, हे आता वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

मनुष्यजात सोडून थोडे बाहेर पाहिले, तर आपला गर्व आणखी उतरतो. मांडव्याच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर किहीम गाव आहे. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली ह्यांनी १९३० साली तेथे राहून सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचे निरीक्षण केले होते. विणीच्या दिवसांत सुगरणीच्या नराचे डोके पिवळेधमक होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. परंतु अशा पक्ष्यांच्या डोळ्यांत रंगांच्या पेशी तीन नसून चार जातींच्या असतात; आपणांस अदृश्य असलेला अतिनील प्रकाशही त्यांस दिसतो. तेव्हा तो पिवळा तुरा त्याच्या मादीस कसा दिसत असेल, हे आपणांपैकी कोण सांगू शकेल? डाल्टनला जसे आपण, तशी आपणांस ती सुगरण. ज्याला आपण पूर्ण दृष्टी म्हणतो, तीही अनेक दृष्टींपैकी एक आहे.

येथे कोणी म्हणेल, दुसऱ्याचा अनुभव आपल्या अनुभवाशी ताडून पाहण्यास काहीच मार्ग नाही, मग हा फरक आम्ही कशावरून मानावा? एक मार्ग आहे. आणि खेडोपाडीच्या पुष्कळ वृद्धांस तो घरबसल्या सापडतो. तो म्हणजे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते व निळा प्रकाश अडवू लागते. ते काढून तेथे स्वच्छ कृत्रिम भिंग बसविले म्हणजे निळा प्रकाश पुन्हा आत येतो. प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार मोने ह्याच्या उजव्या डोळ्यावर १९२३ साली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा रंग एकदम पालटलेले पाहून तो फार गोंधळला होता. प्रस्तुत लेखकाचाही उजवा डोळा आधी झाला व डावा काही महिने तसाच राहिला. त्या काळात घरी आणलेल्या पांढऱ्या कांद्यांची माळ उजव्या डोळ्याने पाहिली तर दुधासारखी शुभ्र दिसे, आणि डाव्याने पाहिली तर चहाच्या पाण्यात बुडविल्यासारखी. समुद्र एका डोळ्याला निळा, दुसऱ्याला मातकट. मनुष्य एक, वस्तू एक, क्षण एक. आणि रंग दोन.

ह्या अनुभवातील खरा धडा पुढेच आहे. डाव्या डोळ्याने पाहत असता मला कधीही असे वाटले नव्हते की, जग पिवळे पडले आहे. दृष्टी इतक्या हळूहळू बदलली की, मी पिवळ्यालाच पांढरे म्हणत आलो आणि घरची मंडळी धोतराचा शुभ्रपणा दाखवू लागली की त्यांच्याशी वाद घालीत आलो. ज्याचे भिंग पिवळे झाले आहे, त्याला आपले भिंग दिसत नाही. त्याला फक्त धोतर दिसते.

आता एक मोठा आक्षेप येतो. ज्याला जसे दिसेल तसे त्याचे खरे, असे एकदा म्हटले की मग खरे व खोटे असे काही उरते काय? उद्या रंगारी म्हणेल, मला हा रंग पक्का दिसतो. गिऱ्हाइकाने वाद का घालावा? ह्या आक्षेपास उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. उत्तर असे की, येथे दोन प्रश्न आहेत व ते आपण एकात एक मिसळतो. 'वस्तू कशी आहे?' हा एक प्रश्न, व 'तुला ती कशी दिसते?' हा दुसरा. २०१५ साली एका झग्याचे छायाचित्र जगभर पसरले. कित्येकांस तो झगा पांढरा व सोनेरी दिसे, कित्येकांस निळा व काळा. एकाच घरात नवराबायकोचे जुळेना. वस्तूविषयीच्या प्रश्नाचे उत्तर सरळ होते: खरा झगा निळा व काळाच होता. परंतु ज्यांस तो पांढरा दिसला, ते खोटे बोलत नव्हते. छायाचित्रातील उजेड कसा आहे ह्याविषयी त्यांच्या मेंदूने निराळे अनुमान केले होते. तेव्हा नियम असा ठरतो. वस्तूविषयी वाद पडला तर वस्तूची परीक्षा करावी. परंतु दिसण्याविषयी प्रश्न असेल, तर पाहणारा हाच एकमेव साक्षीदार आहे. त्याने दिलेले कारण चुकेल, डाल्टनचेही चुकले. पण म्हणून त्याची साक्ष खोटी ठरत नाही.

हा नियम मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. माझ्या हातून झालेल्या एका अन्यायामुळे शिकलो. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका प्राथमिक शाळेत शिक्षक असता मुलांस आंब्याचे झाड रंगविण्यास सांगितले. एका कोळ्याच्या मुलाने पाने तपकिरी व खोड हिरवे रंगविले. मी विचारले, "पाने अशी असतात काय?" तो म्हणाला, "अशीच असतात, गुरुजी." मी त्याला खिडकीशी नेऊन झाड दाखविले. तो झाडाकडे पाहून पुन्हा तेच म्हणाला. मी त्याला सर्व वर्गासमोर खोटारडा म्हटले व उभे केले. मुले हसली. पुढे त्याने खडूंवरील नावे वाचून व शेजाऱ्याला विचारून रंग भरण्यास सुरुवात केली. त्याचे चित्र बिनचूक येऊ लागले, आणि मी समजलो की, शिक्षेचा गुण आला. वास्तविक त्या दिवशी त्याने मला पूर्ण सत्य सांगितले होते, आणि मी त्याला ते लपविण्यास शिकविले.

तरुणपणी तो जहाजावरील नोकरीसाठी वैद्यकीय तपासणीस गेला. तेथे जपानी डॉक्टर इशिहारा ह्यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीची ठिपक्यांची पाने त्याच्यापुढे ठेवण्यात आली. इतरांस ज्यांत आकडे दिसतात, त्यांत त्याला नुसते ठिपके दिसले. नोकरी गेली. गावी परत आल्यावर तो मला भेटला व इतकेच म्हणाला, "गुरुजी, मी तेव्हा खोटं बोललो नव्हतो." त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले.

आज त्याची स्वतःची होडी आहे. आपल्या जाळ्यांच्या बोयांना तो रंग देत नाही. एकाला चिंधी बांधतो, दुसऱ्याला नारळाचे सोडण. रात्री बंदराकडे येताना त्याचा पुतण्या पुढे बसतो व समोरच्या जहाजाचा दिवा तांबडा की हिरवा ते सांगतो. कारण तांबडा दिवा जहाजाच्या डाव्या अंगास व हिरवा उजव्या अंगास असतो, आणि त्यात चूक झाली तर प्राणाशी गाठ. पुतण्या डोळे देतो व काका चाळीस वर्षांचे अनुभवी हात देतो. दिवा जो आहे तोच राहतो. त्याला आपापल्या सोयीने कोणी काही म्हणत नाही.

प्राणाशी गाठ हे शब्द मी उगाच लिहिले नाहीत. १८७५ साली स्वीडन देशात लागेरलुंडा येथे दोन आगगाड्यांची टक्कर होऊन नऊ माणसे दगावली. रंग न ओळखल्यामुळे ती झाली असावी असे होल्मग्रेन नावाच्या शास्त्रज्ञास वाटले. ते पुढे निश्चित सिद्ध झाले नाही, तरी त्याच्या खटपटीमुळे रेल्वे नोकरांची दृष्टी तपासण्याचा प्रघात पडला. त्याने लोकरीच्या रंगीत लडी पुढे टाकून 'ह्यासारख्या निवड' असे सांगण्याची युक्ती काढली. रंगाचे नाव विचारलेच नाही. नाव तोंडपाठ करता येते, हे त्याला ठाऊक होते. मला ठाऊक असते, तर त्या मुलाला मी उभे केले नसते.

सुज्ञ लोकांनी ह्याहून पुढचीही सोय केली आहे. मुंबई बंदरात शिरताना खाडीच्या वाटेवर जे बोये दिसतात, त्यांत डाव्या हाताचे तांबडे व उजव्या हाताचे हिरवे असतात. पण त्यांत आकाराचीही खूण असते. तांबड्याची डबीसारखी सपाट माथ्याची, हिरव्याची शंकूसारखी टोकदार. ज्याला रंग कळत नाही त्याला दिवसा निदान आकार कळावा. रस्त्यावरील दिव्यांतही तांबडा नेहमी वरच असतो. ज्याने प्रथम अशी दुहेरी खूण योजिली, त्याने सर्वांचे डोळे सारखे आहेत असे गृहीत धरले नाही, आणि सर्वांना सारखी वाट मात्र दाखविली. आमच्या मते ह्या प्रश्नाचे व्यवहारातील उत्तर हेच आहे.

आपल्या न्यायालयांसही हे उमजू लागले आहे. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ साली चित्रपट-संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवड झालेल्या एका तरुणास रंगांधत्वामुळे प्रवेश नाकारण्यात आला. मुंबई उच्च न्यायालयात त्याला दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, व एप्रिल २०२२ मध्ये असा निर्णय दिला की, रंगांधत्वाच्या कारणावरून त्या संस्थेने कोणत्याही अभ्यासक्रमाचा दरवाजा बंद करू नये. चित्रपट ही अनेकांनी मिळून करावयाची कला आहे. एकाला जे दिसत नाही ते दुसरा पाहील. तत्पूर्वी २०२० साली केंद्र सरकारने सौम्य व मध्यम रंगांधत्व असलेल्यांस वाहन चालविण्याचा परवाना मिळण्याची मोकळीक दिली होती. जहाजाच्या दिव्यांविषयी कडकपणा ठेवणे व चित्रपटाच्या शाळेत तो न ठेवणे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच विवेकातून येतात. कोठे फरकाने इजा होते आणि कोठे केवळ आपल्या सवयीला धक्का बसतो, हे पाहून ठरवावयाचे असते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माझा तांबडा तोच तुझा तांबडा आहे काय? बारकाव्यांत तो निश्चितच एक नाही. ढोबळ मानाने तो बहुधा सारखा असावा. कारण आपले डोळे व मेंदू एकाच घडणीचे आहेत. परंतु ह्या 'बहुधा'चा 'खचित' कधी होईल असे दिसत नाही. तेथे आपण एकमेकांच्या शब्दावरच विसंबून आहो.

आणि ही गोष्ट रंगापुरतीच नाही. घरातील सून म्हणते, "माझं डोकं फार दुखतं." सासू म्हणते, "आमचीही दुखत होती, आम्ही नाही कुरकूर केली." पण सुनेचे दुखणे सासूने कधी पाहिले आहे? एकाच आईच्या मरणाने एक भाऊ वर्षभर झुरतो, दुसरा महिन्याने कामाला लागतो. आणि गाव ठरवून टाकते की, एकाचे ढोंग आहे किंवा दुसऱ्याचे काळीज दगडाचे आहे. पंगतीत कोणाला शेवटी बसविले तर आपण म्हणतो, "त्यात एवढे मनाला लावून घेण्यासारखे काय आहे?" हे सर्व आपण आपल्या भिंगातून बोलतो, आणि भिंग तर आपणांस दिसत नाही. वस्तूचा वाद असेल तेथे अवश्य परीक्षा करा, साक्षी काढा, खोटे ते खोटे म्हणा. पण शेजारी जेव्हा सांगतो की, मला असे दिसते, मला असे लागते, तेव्हा 'असे असूच शकत नाही' हे वाक्य ओठांवर येण्यापूर्वी त्याला एकदा विचारावे, "कसे दिसते, ते मला सांग."

त्या मुलाला खिडकीशी नेल्यावर मी हा एवढाच प्रश्न विचारावयाचा होता. झाड तर आम्हा दोघांच्या समोरच होते.